‘रशियाधार्जिणे’ म्हणालो आणि काका जेवले नाहीत – या शब्दाचा नक्की अर्थ काय?

ओझरचा_पुतण्या

लोकहो, प्रश्न भाषेचा आहे, राजकारणाचा नाही, त्यामुळे धागा तिकडे नेऊ नका ही आधीच हात जोडून विनंती (न्यालच, पण तरी).

झालं असं की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रशिया-युक्रेनचा विषय निघाला, २०२२ पासून महिन्यातून एकदा निघतोच, आणि काकांनी नेहमीसारखं भलंमोठं काहीतरी फॉरवर्ड केलं की रशियाला कसं कोपऱ्यात ढकललं आणि आपण कसं विसरलो वगैरे. मी आपलं सहज खाली लिहिलं, "काका, तुम्ही पहिल्यापासूनच रशियाधार्जिणे!" पुढे हसणारी स्मायली पण टाकली होती. मेसेज निळा झाला आणि ग्रुप एकदम चिडीचूप. रात्री काकूचा फोन, "काय रे लिहिलंस त्यांना, ताटावरून तसेच उठले." मी घाबरून काकांना फोन लावला तर म्हणतात, "छत्तीस वर्षं नोकरी केली, कुणाच्या पाच पैशाला मिंधा नाही, आणि तू मला धार्जिणा म्हणतोस?" आता मी पैशाचं नावसुद्धा काढलं नव्हतं हो. इंग्रजीत प्रो-रशिया म्हणतात ना, तेवढंच मला म्हणायचं होतं.

पार्श्वभूमी सांगतो, काका ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात होते, आमच्याकडे सगळे 'मिगमध्ये' असंच म्हणतात, १९७४ ला लागले आणि २०१० ला रिटायर झाले. घरात कपाटभर रशियन पुस्तकं, लहानपणी आमच्या शाळेच्या वह्यांना सोव्हिएत मासिकांच्या गुळगुळीत कागदाची कव्हरं, काकांना थोडंफार रशियन वाचता येतं. म्हणजे ओढा आहे हे नक्की. गेल्या सप्टेंबरमध्ये (२०२५) चंदीगडला मिग-२१ चा निरोप समारंभ टीव्हीवर दाखवत होते तेव्हा डोळे पुसताना मी स्वतः बघितलंय.

तर प्रश्न असा, की धार्जिणा, समर्थक, वादी, प्रेमी, मित्र, स्नेही हे सगळे एकच का? नसतील तर कुठला कधी वापरायचा? आणि प्रो- ला मराठीत असा एखादा शब्द आहे का की ज्याने समोरचा जेवणावरून उठणार नाही? रविवारी नाशिकला जायचंय, माफी कुठल्या शब्दाची मागायची तेवढं तरी कळू दे.

चहाटळ_चिंतामणी

रशियाळू म्हणा. मायाळू, कनवाळू, रशियाळू. विषय संपला, जिलेबी घेऊन जा.

राजापूरची_गंगा

चिंतामणी, तू गप रे.

पुतण्या, तुझे काका चिडले ते बरोबरच आहे असं मला वाटतं, पण गंमत अशी की हा शब्द मुळात शिवी नाहीच. आमच्या कोकणात हा शब्द मी देशांबद्दल ऐकायच्या आधी म्हशीबद्दल ऐकला. आजीकडे गोठ्यात तीनदा म्हैस आणली आणि तिन्ही वेळा काही ना काही झालं, एक आटली, एक पाय मोडून बसली, एकीला रानात सर्प डसला, तेव्हा आजीने जाहीर केलं की आपल्या घराला म्हैस धार्जिणी नाही, गाय आणा. मग गाय आणली आणि ती अठरा वर्षं राहिली. कुणाला मांजर धार्जिणं नसतं, कुणाला धंदा धार्जिणा नसतो, कुणाला एखादं गाव धार्जिणं असतं म्हणजे तिथे गेल्यापासून बरकत. मानवणं वेगळं बरं का. मानवतं ते अंगाला, धार्जिणं असतं ते नशिबाला. जुन्या कोशातही अनुकूल, लाभदायक असाच अर्थ मिळेल.

आता हेच देशाला लावून बघ. म्हैस घराला धार्जिणी म्हणजे म्हशीमुळे घराचं भलं. मग माणूस रशियाला धार्जिणा म्हणजे त्या माणसामुळे रशियाचं भलं. बघ, यात प्रेमाचा कुठे संबंधच नाही! म्हशीला काय घरावर प्रेम असतं काय? शब्द फक्त एवढंच सांगतो की फायदा कुणाच्या दारात जाऊन पडतो. म्हणून काकांना पैसा ऐकू आला. तू मनातलं बोलत होतास, शब्द हिशोबाचं बोलत होता.

आणि काकांना म्हशीच्या रांगेत बसवलंस ते वेगळंच 😀

रात्रपाळीचा_उपसंपादक

गंगाताईंना +१. म्हशीची फोड एक नंबर.

मी पंचवीसेक वर्षं मराठी पेपरात होतो, बरीचशी रात्रपाळी, आणि परदेशच्या बातम्या माझ्याकडे असायच्या. एजन्सीची कॉपी इंग्रजीत यायची, त्यात प्रो-अमुक, प्रो-तमुक पावलोपावली, आणि वेळ असायचा पाच मिनिटं. इंग्रजीतला तो प्रो अगदी बिनरंगी असतो, त्याला चव नाही. मराठीत आलं की मात्र तुम्हाला चव निवडावीच लागते, बिनरंगी असं मिळतच नाही, आणि आपण नेमकी कुठली निवडतो यात सगळं येतं.

उदाहरण ताजं देतो. मालदीवमध्ये २०२३ ला मुईझ्झू निवडून आले, त्यांच्या बाजूने 'इंडिया आउट' चा प्रचार झालेला, मग आपल्याकडे ते काय झाले, तर चीनधार्जिणे. त्यांच्या आधीचे सोली, ज्यांचं धोरण 'इंडिया फर्स्ट', ते काय होते? भारतमित्र, भारतस्नेही, फार तर भारतसमर्थक. भारतधार्जिणे सोली असं कुणी छापल्याचं निदान माझ्या तरी वाचनात नाही. आता दोघंही आपापल्या सोयीने एकेका मोठ्या शेजाऱ्याकडे झुकले होते, क्रिया एकच, पण झुकाव आपल्याकडे असेल तर मैत्री आणि पलीकडे असेल तर धार्जिणेपणा. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये तेच मुईझ्झू दिल्लीला पाहुणे म्हणून आले, तेव्हा विशेषण कुठे गेलं कुणास ठाऊक, नुसतेच 'मालदीवचे अध्यक्ष' राहिले.

युक्रेनचं बघा. २०१४ ला डोनेत्स्क आणि लुहान्स्कमध्ये जे लढत होते ते रशियासमर्थक बंडखोर, आणि कीव्हमधून पळालेले यानुकोविच मात्र रशियाधार्जिणे अध्यक्ष. का? तर बंडखोर उघड सांगत होते की आम्ही रशियाच्या बाजूचे, त्यांच्यावर आरोप करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. यानुकोविच म्हणायचे मी युक्रेनचा. धार्जिणा हा शब्द नेहमी त्यालाच लागतो जो स्वतः तसं कबूल करत नाही. म्हणून मी नव्या पोरांना एक साधी खूण सांगायचो, शब्दाच्या आधी 'मी' लावून बघा. मी रशियासमर्थक आहे, चालतं. मी जपानप्रेमी आहे, चालतं, अभिमानाने चालतं. मी अमेरिकाधार्जिणा आहे? असं कुणीच म्हणत नाही. जो शब्द माणूस स्वतःला लावत नाही तो बातमीत वापरताना आपण आरोप करतोय एवढं भान ठेवा.

आणखी एक, हे फार चुकतं म्हणून सांगतो. समर्थक आणि समर्थित. हल्ली हिंदीवरून सरसकट इराण समर्थित, अमेरिका समर्थित येतंय, त्यात पोरं दोन्हींची अदलाबदल करतात. अमेरिकासमर्थक सरकार म्हणजे जे सरकार अमेरिकेची बाजू घेतं. अमेरिकासमर्थित सरकार म्हणजे ज्याच्या पाठीशी अमेरिका उभी आहे, बाण उलटा. काबूलमधलं २०२१ पर्यंतचं सरकार हे समर्थित, पाठबळ निघालं आणि १५ ऑगस्टला खेळ आटोपला. येमेनचे हुती इराणसमर्थक आहेत का? असतीलही, पण बातमीत सांगायचं असतं की इराणचं पाठबळ आहे, मग सरळ तसं लिहा ना, 'इराणचा पाठिंबा असलेले हुती', दोन शब्द जास्त गेले तर जाऊ द्या. पुरस्कृतचंही तेच, पाकपुरस्कृत दहशतवाद म्हणजे मागे पाकिस्तान आहे. एकदा आमच्याकडे एका नवीन मुलाने शीर्षकात पुरस्कृत वाचून 'पुरस्कार मिळालेला अपक्ष' असा अर्थ लावला होता, उमेदवाराला कसला पुरस्कार मिळाला म्हणून विचारत आला 😀

तुमच्या काकांसाठी: 'रशियाकडे कल असलेले'. कल हा शब्द सगळ्यात निरुपद्रवी. लांब आहे, शीर्षकात बसत नाही, पण घरात शीर्षक कशाला लागतं.

ओझरचा_पुतण्या

गंगाताई, उपसंपादक, दोघांचे आभार, हे असं काही कळेल वाटलं नव्हतं. म्हणजे मी काकांना म्हणालो 'तुमच्यामुळे रशियाचं फावतं' आणि मला म्हणायचं होतं 'तुम्हाला रशिया आवडतो'. देवा.

पण मग एक शंका. बिल्डरधार्जिणा विकास आराखडा, उद्योगपतीधार्जिणं धोरण असं रोज वाचतो, तिथेही हाच अर्थ ना? आणि मग शेतकरीधार्जिणं धोरण का नाही म्हणत?

राजापूरची_गंगा

तोच अर्थ. आराखड्याला बिल्डरबद्दल प्रेम थोडंच असतं, फायदा बिल्डरचा एवढंच. आणि शेतकऱ्याचं भलं होणार असेल तर आपण शेतकरीहिताचं म्हणतो, कारण धार्जिणं म्हटलं की ज्याचं भलं व्हायला नको होतं त्याचं झालं असा वास येतो हल्ली. म्हशीचं भाग्य चांगलं, तिला अजून तो वास लागला नाही.

शुद्धलेखन_हवालदार

जोडून लिहा. 'रशिया धार्जिणे' नाही, 'रशियाधार्जिणे'. जि ऱ्हस्व. आणि धार्जिणा चालवावा लागतो, धार्जिणी बाई, धार्जिणं सरकार, धार्जिण्या लोकांना. समर्थकला ती कटकट नाही, बाई असो बुवा असो समर्थकच. मला वाटतं पेपरवाल्यांना तो त्यासाठीच आवडतो, भूमिका-बिमिका काही नाही.

रात्रपाळीचा_उपसंपादक

हवालदारसाहेब, पहाटे अडीच वाजता तेही कारण असायचं, नाकारत नाही.

गिरणगावचा_आजोबा

मी इथे फारसा लिहीत नाही, नातू टाइप करून देतो. पण धार्जिणा हा शब्द मी फार जवळून बघितलाय म्हणून राहवलं नाही.

आमची चाळ लालबागची. १९६२ च्या ऑक्टोबरात चीनने हल्ला केला तेव्हा मी कॉलेजात होतो. चाळीत कम्युनिस्ट पुष्कळ, गिरणगावच ते. त्या वर्षी आणि नंतर कितीतरी कम्युनिस्ट पुढाऱ्यांना आत टाकलं, आणि १९६४ ला पक्षच फुटला. डांगे इकडे राहिले, आणि सुंदरय्या, नंबुद्रीपाद, आपले रणदिवे तिकडे. पेपरवाले आधी उजवे कम्युनिस्ट आणि डावे कम्युनिस्ट लिहायचे, पण चाळीत एवढं कोण बोलणार, चाळीत म्हणायचे रशियावाले आणि चीनवाले. आमच्या मजल्यावर एक रशियावाला आणि एक चीनवाला समोरासमोर राहायचे. दोघांच्या बायका पापड एकत्र लाटायच्या. नळावर कुणी सहज सांगायचं, अहो त्या चीनवाल्यांकडे बघा घमेलं आहे का. यात कुणाला राग नव्हता. तोच शब्द बाहेरचा कुणी भाषणात चीनधार्जिणे असा करून बोलला की त्या माणसाच्या कपाळावरची शीर ताठ व्हायची, कारण सीमेवर पोरं मेलेली होती आणि धार्जिणे म्हणजे त्यांच्या मरणात तुझा फायदा, असा तो अर्थ पोचायचा. तेव्हा नुसता अर्थ बघू नका, कुठे उभं राहून कोण बोलतोय तेही बघा.

आता गंगाताई म्हणाल्या प्रेमाचा आणि फायद्याचा संबंध नाही, त्याचं याहून पक्कं उदाहरण वडिलांच्या पिढीतलं आहे. १९३९ ला युद्ध सुरू झालं तेव्हा पक्ष म्हणायचा हे साम्राज्यवाद्यांचं युद्ध, आपल्याला घेणं ना देणं. २२ जून १९४१ ला हिटलर रशियावर चालून गेला, आणि काही महिन्यांत तेच लोकयुद्ध झालं, कारण आता रशिया वाचवायचा होता, आणि रशिया व इंग्रज एका बाजूला होते. मग ऑगस्ट १९४२ ला इथून दोन-तीन मैलांवर गवालिया टँकला चले जावचा ठराव झाला आणि पक्ष त्यात उतरला नाही. झालं, सगळीकडे शिक्का बसला, इंग्रजधार्जिणे. बघा कसं आहे, मन रशियात आणि शिक्का इंग्रजांचा. ज्या लोकांनी आधी इंग्रजांच्या तुरुंगात वर्षंच्या वर्षं काढली त्यांच्या वाट्याला हा शब्द आला. वडील म्हणायचे लाठी खाल्ली त्याचं काही नाही, तो शब्द मरेपर्यंत गिळता आला नाही. ठराव चुकला असं माझंही मत आहे, वडिलांशी या विषयावर भांडलोय. पण चुकणं आणि विकलं जाणं यात फरक असतो, आणि हा शब्द तो फरक ठेवत नाही.

काकांना माझा नमस्कार सांगा.

ओझरचा_पुतण्या

आजोबा, 🙏. नातवाला पण थँक्यू.

श्टुटगार्टकर_सुगरण

आजोबांनंतर लिहायला जीव धजावत नाही, पण प्रो- शिवाय इंग्रजीत दुसरी जी जात आहे ती राहिली म्हणून लिहिते. अँग्लोफाइल, फ्रँकोफाइल, रुसोफाइल, चीनसाठी सिनोफाइल. हा फाइल ग्रीकमधला, आवड असणारा, पुस्तकवेड्याला बिब्लिओफाइल म्हणतात तोच. फ्रँकोफाइल माणूस फ्रेंच चीज खातो, फ्रेंच सिनेमे बघतो, पॅरिसला जाऊन उसासे टाकतो, पण फ्रान्सच्या सरकारने काय केलं याच्याशी त्याला देणंघेणं असेलच असं नाही. हे आपलं -प्रेमी किंवा फार झालं तर -वेडा. कलाप्रेमी, नाट्यवेडा, तसा जपानवेडा. म्हणजे पुतण्याचे काका बहुतेक रुसोफाइल आहेत, प्रो-रशिया नाहीत, किंवा थोडे दोन्ही.

इथे जर्मनीत एक भारी शब्द आहे, २०१४ ला क्रिमियाच्या वेळी जोरात आला, पुतीनफरश्टेअर. शब्दशः अर्थ 'पुतीनला समजून घेणारा'. ऐकायला केवढा समजूतदार वाटतो ना? पण आहे टोमणा! म्हणजे, बघा हे गृहस्थ, ह्यांना पुतीनच्या मनातलं सगळं पटतं. माझ्या ऑफिसातला एक सहकारी पूर्व जर्मनीत वाढलेला, शाळेत त्यांना रशियन सक्तीचं होतं, तो जेवताना काही बोलला की दुसरे हळूच हा शब्द सोडतात, आणि तो म्हणतो की समजून घेणं कधीपासून गुन्हा झाला. तुमच्या काकांची आठवण झाली मला त्याच्यावरून.

आणि स्पॅनिशमधला एक, हा मला सगळ्यात आवडतो. १८०८ ला नेपोलियनने आपल्या भावाला, जोसेफला, स्पेनच्या गादीवर बसवलं. जे स्पॅनिश लोक त्याच्या बाजूला गेले, त्यात शिकलेसवरलेले, सुधारणा हव्या असलेले पुष्कळ होते, त्यांना म्हणायचे आफ्रांसेसादो. पुढे जोसेफला पळावं लागलं तेव्हा हेही हजारोंनी फ्रान्सला पळाले. या शब्दाचं भाषांतर फ्रेंचधार्जिणा करू नका, आपल्याकडे याला अगदी चपखल साचा आहे, फ्रेंचाळलेला! इंग्रजाळलेली मराठी म्हणतो ना, तसं. धार्जिणा फायद्याचं बोलतो, प्रेमी आवडीचं, हा -आळलेला म्हणतो की तू आतून बदललास बाबा, तू आता आमच्यातला राहिला नाहीस. भातात ओल शिरावी तसं.

मडगावकर

सुगरणताईंच्या फ्रेंचाळलेल्यावरून आमचं गोव्याचं. पोर्तुगीजांना इथून जाऊन १९ डिसेंबर २०२५ ला ६४ वर्षं झाली तरी अजून कुणी घरात पोर्तुगीज बोलला, भिंतीवर जुन्या चिनी बशा लावल्या, फादो म्हणजे पोर्तुगीज गाणी ऐकली की बाहेरून आलेला मनुष्य पटकन पोर्तुगीजधार्जिणा म्हणून मोकळा होतो. अरे बाबा, त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा बघ. पॅरिसमध्ये शिकलेला, अंगावर सूट, आणि गोव्यातल्या राष्ट्रवादी चळवळीचा पाया त्याने घातला, १९४६ ला लोहिया आले त्यानंतर त्याला पकडून पोर्तुगालला नेऊन पेनिशच्या किल्ल्यात डांबलं. संस्कृतीने युरोपाळलेला म्हणा हवं तर, धार्जिणा म्हणायची कुणाची छाती आहे? आणि उलटे पण होते हां, घरात तुळस, कपाळाला गंध आणि पोर्तुगालच्या हुकूमशहा सालाझारच्या कारभारात कंत्राटं घेऊन मजेत. धार्जिणे ते. कपडे बघून हा शब्द लावू नका एवढंच.

चहाटळ_चिंतामणी

अवांतर: कुणी वाक्प्रचारांचं दुकान उघडत नाहीये म्हणून मीच उघडतो. तळी उचलणे! खंडोबाची तळी, ताटात भंडारा-खोबरं, चारचौघांनी मिळून वर उचलायची आणि येळकोट येळकोट जय मल्हार. आता ताटात खंडोबाऐवजी पुतीन ठेवा, झाली रशियाची तळी. कच्छपी लागणे. वळचणीला जाणे, हा तर पाकिस्तानच्या नावाने राखीवच आहे, १९५४ ला सीटो या अमेरिकेच्या लष्करी गटात गेल्यापासून अमेरिकेच्या वळचणीला, मग चीनच्या, वळचण बदलली तरी भिजणं चालूच. री ओढणे. ओंजळीने पाणी पिणे. आणि पिट्टू, जो निवडणुकीच्या सभेत लागतो.

राजापूरची_गंगा

वळचण छान आठवलीस. वळचणीला उभा असतो तो घरातला नसतो, पावसापुरता छपराखाली आलेला असतो. धार्जिण्यापेक्षा मला हा शब्द जास्त खरा वाटतो देशांबद्दल, कारण देश असेच वागतात, पाऊस थांबला की निघाले.

निळूभाऊ_सातारकर

एवढी सगळी चर्चा वाचली पण मला एक कळलं नाही, -वादी चं काय? रशियावादी म्हणतात की.

रात्रपाळीचा_उपसंपादक

निळूभाऊ, वादी विचाराला किंवा विचार देणाऱ्या माणसाला लागतो, समाजवादी, गांधीवादी, माओवादी. देशाला लावला की जरा लंगडतो. रशियावादी चालून गेला कारण एका काळी रशिया हा देश कमी आणि विचार जास्त होता, आजोबांच्या चाळीत तरी. आता रशियावादी म्हणालात तर वाद कुठला ते सांगावं लागेल. जपानवादी, कॅनडावादी असं ऐकलंय का कधी? त्याच काळातला उलट बाजूचा शब्द आठवा, अलिप्ततावादी, बेलग्रेडची १९६१ ची परिषद वगैरे. तिथे वादी बरोबर बसतो कारण अलिप्तता हा विचार आहे. तटस्थ मात्र वेगळा, तट म्हणजे काठ, तो काठावर उभा राहून बघतो. नेहरू चिडायचे तटस्थ म्हटलं की, म्हणायचे आम्ही काठावर नाही, पाण्यात आहोत, फक्त कुणाच्या होडीत नाही. (शब्द माझे हो, आशय त्यांचा.)

ओझरचा_पुतण्या

अपडेट. रविवारी जाऊन आलो. जिलेबी पण नेली, चिंतामणींचा सल्ला.

आधी काकूने दार उघडलं, काका आत पेपर वाचत बसले होते, मुद्दाम पान उलटत होते. मी सरळ फोन काढला आणि हा धागा पहिल्यापासून वाचून दाखवला, म्हशीचा भाग आला तेव्हा काकू हसली, काका नाही हसले. आजोबांचा प्रतिसाद वाचताना मात्र त्यांनी पेपर खाली ठेवला. म्हणाले, परत वाच. परत वाचला. मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग म्हणाले की १९७४ ला घरची परिस्थिती काय होती तुला माहीत नाही, तुझ्या बापाचं शिक्षण थांबलं होतं, आणि मला मिगमध्ये लागलं. ड्रॉइंगवर सगळं रशियन, अक्षरं उलटी वाटायची, रात्री बसून एकेक शब्द पाठ केला, त्यावर पुढे बढती मिळाली. तुझ्या बापाची फी, तुझ्या आत्याचं लग्न, हे घर, सगळं त्या मिगमधून आलं, आधी २१, मग २७, शेवटी शेवटी सुखोई. युद्धात कोण बरोबर कोण चूक ते मला नको शिकवू, माझं चुकतही असेल, फॉरवर्ड करताना मी सगळं तपासत नाही. पण तुझ्या त्या राजापूरच्या बाईंना लिही, म्हणावं शब्द बरोबर आहे, पोराने बाजू उलटी लावली. मी रशियाला धार्जिणा नाही. रशिया मला धार्जिणा.

जिलेबी खाल्ली. दोन.

राजापूरची_गंगा

वा काका!! आजी असती तर म्हणाली असती, माणसाला म्हशीचं गणित बरोबर कळलं.

शुद्धलेखन_हवालदार

'मला धार्जिणा' हे व्याकरणाने आणि अर्थाने दोन्हीकडून निर्दोष आहे. पहिल्यांदाच या धाग्यावर.

ओझरचा_पुतण्या

काकू मागून विचारतेय की मग ह्यांना मी धार्जिणी की हे मला. हे इथे विचारू नको असं काका म्हणतायत, म्हणून थांबतो.